बापूंच्या कमरेचं घड्याळ

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे. संपादक मंडळानं मला एखाद्या थोर पुरुषाचं चरित्र लिहून द्या म्हटलं. अट एकच, शाळेच्या पुस्तकातलं पुन्हा नको. महात्मा गांधींवर लिहितो म्हणालो तेव्हा एकदोघांचे चेहरे उतरले. साहजिक आहे, गांधीजींबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. म्हणून आधी कारण सांगतो.

मागच्या हिवाळ्यात आपली सहल सेवाग्रामला गेली होती. नवेगाव बांधहून बस पहाटे चारला सुटायची होती, सुटली सव्वापाचला. कोणामुळे ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. आश्रम पाहून परत येताना आपल्याच एका बिऱ्हाडातला नववीतला मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. फोटोत गांधीजींच्या कमरेला घड्याळ लटकलेलं दिसतं, ते कितीचं होतं, आणि बॅरिस्टर असून त्यांना चांगलं घड्याळ घेता आलं नसतं का, असं त्यानं विचारलं. त्याच्या स्वतःच्या मनगटावर ते पावलं मोजणारं घड्याळ होतं आणि त्याला त्याहून भारी हवं होतं, म्हणून घरी वाद चालू होता, हे मला मागाहून कळलं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली. जे सापडलं ते इथे मांडतो.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरचा. वडील काठेवाडातल्या संस्थानात दिवाण. घर खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हे. १८८८ च्या सप्टेंबरात, अठरा वर्षांचे असताना, ते बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाले. खर्चाचा भार मुख्यतः थोरल्या भावानं, लक्ष्मीदासनं उचलला. घरी बायको कस्तुरबा आणि तान्हा मुलगा.

लंडनला पोचल्यावर या मुलाला साहेब व्हायचं होतं. मुंबईत शिवलेले कपडे तिथे शोभेनात म्हणून नवे घेतले. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली. बाँड स्ट्रीट या सर्वांत महागड्या वस्तीत दहा पौंड मोजून संध्याकाळचा सूट शिवून घेतला. नाचाच्या वर्गाचे तीन पौंड भरले, मग ताल कळावा म्हणून तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं, वक्तृत्वाचा मास्तर लावला. रोज दहा मिनिटं आरशासमोर उभं राहून टाय बांधायचा आणि भांग काढायचा. आणि भावाला पत्र लिहून घड्याळासाठी सोन्याची दुहेरी साखळी मागवली. भावानं ती पाठवली.

मला या सगळ्यात ती साखळीच महत्त्वाची वाटते. सूट स्वतः जाऊन शिवला, टोपी स्वतः जाऊन घेतली, पण साखळी मात्र सात समुद्रापलीकडच्या भावाकडून मागवली. तिचा वेळेशी काही संबंध नाही. घड्याळ साध्या साखळीनंही चालतं, दोरीनंही चालतं. त्या काळी घड्याळ जाकिटाच्या खिशात असायचं, म्हणजे लोकांना दिसायची ती साखळीच. दुहेरी असली की दोन्ही बाजूंना लोंबते आणि जास्त दिसते. हे सगळं गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं आहे, म्हणून आपल्याला कळतं. दुसऱ्या कोणी ते कधीच खणून काढलं नसतं.

हे वेड साधारण तीन महिने टिकलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण इथे शिकायला आलो आहोत. व्हायोलिन विकायला काढलं. पुढचा भाग माझ्यासारख्या जन्मभर लेजर पाहिलेल्या माणसाला फार आवडतो. त्यांनी पै-पैचा हिशोब ठेवायला घेतला. बसचं भाडं, टपालाचं तिकीट, वर्तमानपत्राचे दोन पैसे, सगळं लिहायचं आणि रात्री झोपण्यापूर्वी जमा-खर्च मिळवायचा. दोन खोल्यांवरून एका खोलीवर आले, स्टोव्ह घेतला, सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करायला लागले. खाण्याचा खर्च दिवसाला एक शिलिंग तीन पेन्सांवर आणला. बसऐवजी पायी, रोज आठ-दहा मैल. ही हिशोबाची सवय पुढे जन्मभर राहिली आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत तर ती फारच कडक झाली. सोसायटीच्या खजिनदारांनी हे पान कापून ठेवावं.

पण साखळीचं काय झालं ते आत्मकथेत नाही. सूट तर ते पुढे बरीच वर्षं वापरत होते. मन एका दिवसात पालटलं असं मला वाटत नाही.

१८९१ च्या जूनमध्ये बॅरिस्टर झाले आणि परतले. मुंबईत वकिली चालली नाही. १८९३ मध्ये एका मेमण व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं ती गोष्ट सर्वांना माहीत आहे, ती सोडून पुढे जातो. तिथे वकिली चांगली चालली, डर्बनला इतमामाला शोभेलसं घर केलं. त्याच काळात धोब्याचं बिल परवडेना आणि कपडेही वेळेवर मिळेनात म्हणून कॉलर घरी धुवायला लागले. पहिल्याच दिवशी खळ जास्त झाली आणि इस्त्री पुरती तापलेली नव्हती. ती कॉलर घालून कोर्टात गेले तर खळ गळायला लागली आणि बाकीचे वकील हसायला लागले. बापूंना त्याचं काही वाटलं नाही. न्हाव्यानं काळा माणूस म्हणून केस कापायला नकार दिला तेव्हा स्वतःच कात्री घेऊन कापले. मागचे केस पार बिघडले, कोर्टात पुन्हा हशा.

१९०१ मध्ये ते भारतात परत यायला निघाले. निरोपसमारंभात लोकांनी भेटींचा पाऊस पाडला. सोन्याच्या साखळ्या, सोन्याची घड्याळं, हिऱ्याच्या अंगठ्या, आणि कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार. म्हणजे बघा, जी साखळी मिळावी म्हणून एकेकाळी भावाला पत्र लिहावं लागलं, ती आता न मागता, एक सोडून अनेक, घरी चालत आली. बरोबर घड्याळंही.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. शेकडो रुपयांच्या वस्तू परत करणं कठीण आणि हे ठेवून घेणं त्याहून कठीण. समाजाची सेवा केली तिचा मोबदला घ्यायचा का, हा प्रश्न होता. घरात साधेपणा शिकवायचा आणि कपाटात सोन्याची घड्याळं ठेवायची, हे जमण्यासारखं नव्हतं. सकाळपर्यंत निर्णय झाला. दागिन्यांचा समाजासाठी ट्रस्ट करायचा, पारशी रुस्तमजी आणि इतरांना विश्वस्त नेमायचं.

आधी मुलांना पटवलं, ती लगेच तयार झाली. मग कस्तुरबांकडे गेले. इथे मात्र अडलं. बाईंनी साफ नकार दिला. माझे अंगावरचे दागिने आधीच गेले, उद्या सुना येतील त्यांना काय घालायचं, आजच मुलांना बैरागी करायला निघालात, असं त्यांचं म्हणणं. हार मला मिळाला आहे, तुम्हाला नाही, हेही त्यांनी सांगितलं. तो माझ्या सेवेबद्दल मिळाला, असं बापू म्हणाले तेव्हा बाईंनी उलट विचारलं की तुमची सेवा म्हणजे माझीही नाही का, रात्रंदिवस तुमच्या घरी आल्यागेल्याचं मी केलं ते कशात धरणार. आणि त्या रडल्या.

बापूंनी हे सगळं लिहून ठेवलं आहे आणि बोल वर्मी लागले हेही कबूल केलं आहे. तरी दागिने गेलेच. माझं प्रामाणिक मत सांगतो, त्या वादात मी कस्तुरबांच्या बाजूचा आहे. ज्यानं सोन्याची साखळी एकदा घालून पाहिली, मिरवली, कंटाळला आणि सोडली, त्याच्या सोडण्याला अर्थ आहे. पण ज्या बाईनं पन्नास गिनींचा हार एक दिवसही धड घातला नाही, तिच्याकडून तो सोडवून घेणं निराळं. आपल्याकडेही घरातल्या पुरुषाला साधेपणाची लहर आली की पहिली बचत बायकोच्या लुगड्यापासून सुरू होते. असो. दागिने बँकेत ठेवले गेले. नंतर कामासाठी पैसे लागत तेव्हा लोकांकडून निधी जमत गेला, ट्रस्टला हात लावावा लागला नाही. पुढे कस्तुरबांनाही तो निर्णय पटला, असं बापू लिहितात. कस्तुरबांनी स्वतः याबद्दल लिहिलेलं काही माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतरचा काळ भराभर सांगतो. १९०४ मध्ये रस्किनचं पुस्तक वाचून डर्बनजवळ फिनिक्स आश्रम. १९०६ पासून सत्याग्रह. १९१० मध्ये हर्मन कॅलनबाख या जर्मन ज्यू वास्तुविशारद मित्रानं अकराशे एकर जमीन दिली तिथे टॉलस्टॉय फार्म. या कॅलनबाखचं उदाहरण आपल्या विषयाला अगदी धरून आहे. तो शौकीन माणूस. घरभाडं सोडून स्वतःवर महिन्याला बाराशे रुपये उडवायचा. बापूंच्या संगतीत ते एकशेवीसवर आलं. १९१४ मध्ये दोघं बोटीनं इंग्लंडला निघाले. कॅलनबाखजवळ उंची दुर्बिणी होत्या, त्यांतल्या एकीची किंमत सात पौंड. त्यावरून दोघांत रोज चर्चा. शेवटी या दुर्बिणीवरून भांडत बसण्यापेक्षा ती समुद्रात टाकून मोकळं का होऊ नये, असं बापूंनी सुचवलं. त्यानं होकार दिला आणि बापूंनी ती खरंच पाण्यात फेकली. मला हे वाचताना आजही हळहळ वाटते. कोणाला देऊन टाकता आली असती. नवेगावच्या बांधावर पक्षी पाहायला येणाऱ्या आपल्या मंडळींना विचारा, चांगली दुर्बीण काय चीज असते.

९ जानेवारी १९१५ ला ते मुंबईला उतरले ते काठेवाडी अंगरखा-पागोट्यात. पुढे चंपारण, खेडा, असहकार. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत त्यांनी अंगरखाही सोडला आणि गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसला. आता खिसाच उरला नाही. खिसा नाही म्हटल्यावर घड्याळ कुठे ठेवणार? ते पंचाला, कमरेशी, सुतळीसारख्या खादीच्या दोरीनं आणि सेफ्टी पिनेनं अडकवलेलं असायचं. सगळं सोडलं, पण घड्याळ नाही सोडलं.

हे घड्याळ म्हणजे परदेशी बातमीदारांनी ज्याचा कौतुकानं उल्लेख केला आहे ते स्वस्तातलं इंगरसोल. त्याची हकिगत थोडक्यात सांगतो. अमेरिकेत रॉबर्ट इंगरसोल आणि त्याचा भाऊ टपालानं किरकोळ वस्तू विकायचे. १८९६ मध्ये त्यांनी एका डॉलरला एक खिशातलं घड्याळ काढलं. वॉटरबरीच्या कारखान्यात यंत्रानं ठोकून काढलेले भाग, आत माणकं नाहीत, डबी साधी, टिकटिक मोठी. त्याआधी तीसेक वर्षं स्वित्झर्लंडात रॉस्कॉफ नावाच्या कारागिरानं मजुराला परवडावं म्हणून वीस फ्रँकचं घड्याळ केलं होतं. एरवी दीडशेच्या वर भाग लागायचे तिथे त्यानं सत्तावन्नात भागवलं. तोवर घड्याळ ही जमीनदाराची, वकिलाची, स्टेशनमास्तरची वस्तू होती. या दोघांनी ती शेतमजुराच्या खिशात आणली. गंमत अशी की अशी घड्याळं वेळ बरी दाखवायची. महागड्या घड्याळात जे जास्तीचं असायचं, ते बरंचसं डबीवर आणि साखळीत असायचं.

आपल्याकडे ही जागा एचएमटीनं घेतली. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीनं कारखाना निघाला. त्यातल्या एका घड्याळाचं नावच जनता. माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको, लग्नात जावयाला एचएमटी मिळालं की मांडवात चर्चा व्हायची. मी बँकेत कारकून म्हणून लागलो तेव्हा माझ्या काउंटरवर एक ठेकेदार यायचा, त्याच्या हातात सोनेरी स्विस घड्याळ. तो स्लिपवर सही करायचा आणि मी सहीऐवजी मनगट बघायचो. पगार साठवून मी एचएमटी घेतलं ते तात्पुरतं म्हणून. ते तीस वर्षं चाललं. स्विस घ्यायची ऐपत आली तेव्हा बघतो तर इच्छा शिल्लक नव्हती. ती कधी गेली ते मला आजवर सांगता येत नाही. मी काही ती सोडली नव्हती. रोज पहाटे चावी द्यायची, रेडिओवरच्या बातम्यांना काटे जुळवायचे, यात दुसऱ्या घड्याळाचा विचार करायला जागाच राहिली नाही.

आणि आपल्या झाडीपट्टीत एचएमटी म्हटलं की पोरांना घड्याळ आठवत नाही, भात आठवतो. तो तांदूळ नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. जेमतेम दीड एकराचा शेतकरी. पटेल ३ या वाणाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी १९८३ मध्ये निवडल्या, वर्षानुवर्षं जपल्या आणि त्यातून बारीक, चवदार, भरपूर पिकणारा वाण तयार झाला. व्यापाऱ्याला नाव द्यायचं होतं, तेव्हा सर्वांत भरवशाची आणि लोकप्रिय वस्तू म्हणजे एचएमटी घड्याळ, म्हणून तेच नाव पडलं. आपल्यापैकी किती घरांत आज बासमतीची आठवण निघते? पण नाव देशभर गेलं आणि माणूस गरीबच राहिला. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्यावर खरं तर वेगळा लेख हवा, कोणीतरी तरुणानं लिहावा.

परत बापूंकडे येतो. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी ते पुन्हा लंडनला गेले. अठरा वर्षांचा पोरगा जिथे दुहेरी सोन्याची साखळी मिरवत होता, तिथे बासष्ट वर्षांचे गांधीजी पंचा, शाल आणि चपलांवर गेले. उतरले पूर्व लंडनच्या मजूर वस्तीत, किंग्जली हॉलमध्ये. याच वेशात बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्ज बादशहालाही भेटले. बाँड स्ट्रीट तिथून जवळच आहे.

मिठाच्या सत्याग्रहाला निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. जमनालाल बजाज यांनी त्यांना वर्ध्याला आणलं. आधी मगनवाडी, मग ३० एप्रिल १९३६ ला पायी चालत ते सेगावला गेले. टपाल नेहमी बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. आपण तिथे माती-कुडाच्या झोपड्या पाहिल्या, त्या अशा की नवेगावच्या जुन्या वस्तीतल्या माणसाला नवल वाटू नये. पण तिथला दिवस घड्याळावर चालायचा. पहाटे चारला घंटा, प्रार्थना, फिरणं, सूत कातणं, जेवणाची घंटा, भेटींच्या ठरलेल्या वेळा. बाहेरून मोठमोठे पुढारी आले तरी त्यांना मिनिटं मोजून मिळत आणि वेळ संपली की बापू घड्याळ दाखवत. वेळ वाया घालवणं म्हणजे लोकांच्या ठेवीत अफरातफर, असं त्यांचं गणित होतं. बँकेत असतो तर मी हेच शब्द वापरले असते.

इतपर्यंत सगळं सरळ आहे. आता जे सापडलं त्यानं माझाही जरा गोंधळ झाला.

बापूंकडे आणखी एक घड्याळ होतं आणि ते स्वस्तातलं नव्हतं. झेनिथ कंपनीचं, चांदीच्या डबीचं, गजर असलेलं स्विस घड्याळ. भेट आलेलं. ते इंदिरेनं, म्हणजे पंडित नेहरूंच्या मुलीनं दिलं होतं, असं सांगतात. पहाटेच्या प्रार्थनेला त्याचा गजर उपयोगी पडायचा. १९४७ मध्ये आगगाडीच्या प्रवासात, कानपूरकडे, ते चोरीला गेलं. आणि बापूंना त्याचं वाईट वाटलं. ज्यानं सोन्याच्या घड्याळांवर पाणी सोडलं, मित्राची दुर्बीण समुद्रात टाकली, त्याला वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, देश पेटलेला असताना, एका घड्याळाची रुखरुख लागली. जवळपास सहा महिन्यांनी ते परत मिळालं. चोर स्वतः बिर्ला भवनात आला आणि क्षमा मागून देऊन गेला, असं त्या घड्याळाच्या इतिहासात सांगितलं जातं.

हे कसं समजायचं? मला काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली एक आठवण इथे उपयोगी पडली. १९१५ च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी बापू टेबलावर काहीतरी शोधत होते. काकांनी विचारलं तर पेन्सिल हरवली होती, दोन इंचांहून लहान. काका आपली पेन्सिल द्यायला लागले, पण बापूंना तीच हवी होती. मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलानं ती प्रेमानं दिली होती. दोघांनी मिळून शोधली, सापडली तेव्हा बापू शांत झाले. म्हणजे वस्तूवर माया नव्हती असं नाही. माया भरपूर होती. फक्त ती किमतीच्या हिशोबानं वाटलेली नव्हती. पेन्सिलीचा तुकडा, डॉलरचं इंगरसोल आणि चांदीचं झेनिथ, तिन्हींना सारखीच. सोन्याच्या घड्याळांच्या वेळी रात्रभर झोप लागली नाही ती माया म्हणून नव्हे, ओझं म्हणून.

बसमधल्या त्या मुलाला मी हे सांगितलं. त्याला अर्धवट पटलं. झेनिथ चांगलं होतं ना मग, असं तो म्हणाला. होतं, मी कबूल केलं.

त्या झेनिथची पुढची कथा बँकवाल्यानं सांगावी अशीच आहे. ते बापूंच्या नात्यातल्या आभा गांधींकडे राहिलं, पुढे त्यांच्या मुलीकडे गेलं. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला ते लिलावात आलं. बरोबर चष्मा, चपला, एक ताट आणि एक वाटी. बोली चढत चढत अठरा लाख डॉलरवर गेली. घेणारे विजय मल्ल्या. त्यांच्या कर्जांनी पुढे आमच्या बँक व्यवसायातल्या लोकांना किती रात्री जागवल्या ते सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलं आहे, मी त्यात भर घालत नाही. वाटी-ताट धरून पाच-सहा वस्तू, आणि त्याच्या पावतीवर एवढी रक्कम. बापूंनी ती जमा-खर्चाच्या कोणत्या बाजूला लिहिली असती, कोण जाणे.

शेवटचा दिवस ३० जानेवारी १९४८. दिल्लीत बिर्ला भवन. प्रार्थनेची वेळ संध्याकाळी पाच. चारला सरदार पटेल आले होते आणि बोलणं गंभीर होतं, नेहरू आणि पटेल यांच्यातल्या मतभेदांचं. पाच वाजून गेले. आभा आणि मनू या मुली अस्वस्थ, पण मधे बोलायचा धीर होईना. शेवटी आभानं घड्याळ उचलून बापूंच्या समोर धरलं. तरी बोलणं दहा मिनिटं लांबलं. मग ते उठले, दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून, लांबचा रस्ता टाळून हिरवळीवरून भरभर निघाले. वाटेत मुलींना थोडं रागावले. मला वेळेची आठवण करणं तुमचं काम, तुम्हीच माझी घड्याळं, आणि मला उशीर मुळीच खपत नाही, अशा अर्थाचं काही बोलले. अर्धं थट्टेत, अर्धं खरं. प्रार्थनेला दहा मिनिटं उशीर झाला याची चुटपुट घेऊनच ते पायऱ्या चढले. गर्दीतून तो माणूस पुढे आला तेव्हा मनूनं त्याला अडवलं ते याच कारणानं, की बापूंना आधीच उशीर झाला आहे. त्यानं तिला ढकललं, तिच्या हातातल्या वस्तू खाली पडल्या. वेळ पाच वाजून सतरा मिनिटं.

आपल्या सभागृहात दर ३० जानेवारीला संध्याकाळी पाचची प्रार्थना असते. मागच्या वर्षी ती साडेपाचला सुरू झाली. येत्या वर्षी व्यवस्था माझ्याकडे आहे. खुर्च्या पावणेपाचला लावलेल्या असतील.